वस्तीची विहीर का आटली

सुधाकर,

तू गेल्यानंतरच्या, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जाऊन आलो त्याला आज चार दिवस झाले. एका वर्तमानपत्रानं माझ्याकडे तुझ्यावर लेख मागितला आहे. ‘भूजलाचं शास्त्र सोप्या मराठीत सांगणारा लेखक’ एवढं लिहून थांबलो. तुझं शिक्षण, नोकरी, बदल्या हे सगळं तुझी मुलगी माझ्यापेक्षा नीट सांगेल. मला जे सांगायचं आहे ते तुलाच सांगायचं होतं. जवळजवळ चाळीस वर्षं आपण एकमेकांना पत्रं लिहिली, फोन केले, लेकरांच्या लग्नांत पंगतीला शेजारी बसलो आणि तेवढं एक सोडून सगळं बोललो.

आपण एकाच गावचे. लातूरजवळच्या मुरुडपासून सायकलीवर तासाभराचं अंतर. वर गावठाण, खाली ओढ्याच्या अंगाला तुमची वस्ती. शाळेत एका वर्गात होतो, तरी मी कधी तुझ्या घरी आलो नव्हतो आणि तू आमच्या ओसरीची पायरी चढला नव्हतास. खरी ओळख झाली ती नांदेडला. मी आत्याकडे राहायचो, तू समाजकल्याणच्या वसतिगृहात. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात मागून हाक आली, “ए, आबाचा माधव ना तू?” परक्या शहरात गावचं माणूस भेटलं म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो, ते त्यासाठी.

विष्णुपुरीला तेव्हा धरणाचं काम चालू होतं. एका रविवारी तू मला डबल सीट घेऊन गेलास. गोदावरीच्या काठाला खोल खणलेलं होतं आणि खडकाची उभी भिंत उघडी पडली होती. काळा थर, त्यावर बुडबुड्यांची भोकं असलेला थर, मध्येच विटेच्या रंगाची लाल पट्टी, मग पुन्हा काळा.

“बघ, आपला मुलूख सगळा असाच हाय,” तू म्हणालास. “भाकरीची चवड. एक लाव्हा आला, थंड झाला, त्याच्यावर दुसरा आला. भाकरीत पाणी मुरत न्हाई. दोन भाकरीच्या मधी जिथं फट राहिली, जिथं भाकर तडकली, तिथं पाणी.”

मी विचारलं, “म्हणजे जमिनीखाली नदी वाहते म्हणतात, ते?”

तू एवढ्या मोठ्यानं हसलास की कामावरचा मुकादम वळून बघायला लागला. मी रसायनशास्त्र घेतलं होतं, परीक्षेत मार्क तुझ्यापेक्षा जास्त पडायचे. पण बघायचं कसं, हे मला त्या दुपारी कळलं. पुढे तीस वर्षं मी वर्गात जे काही बरं शिकवलं असेल, त्याची सुरुवात तिथली.

मग लातूर जिल्हा नवा झाला. नव्या जिल्ह्याची कचेऱ्यांची गडबड तुला आठवत असेल. भाड्याच्या घरांतून पाट्या लागल्या होत्या. तुझ्या भूजल खात्याच्या कचेरीत खुर्च्या यायच्या आधी नकाशे आले आणि पहिला महिनाभर तू खोक्यावर बसून काम केलंस. मी मुरुडच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो होतो. बाजाराच्या दिवशी तू एसटीनं यायचास, मांडीवर जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली काचेची पेटी घेऊन. पेटीत खाली खडी, वर मुरूम, त्याच्यावर काळी माती. मातीत दोन काचेच्या नळ्या रोवलेल्या, आखूड नळी म्हणजे विहीर आणि लांब नळी म्हणजे बोअर. निळी शाई घातलेलं पाणी ओतलं की दोन्ही नळ्यांत सारखं चढायचं. मग तू एखाद्या म्हाताऱ्याला पुढं बोलवायचास, लांब नळीला रबरी नळी लावून ओढायला सांगायचास.

“ओढा मामा. आता बघा, पाणी ओढलं बोअरातून आणि उतरलं कुठलं?”

आखूड नळीतलं निळं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली जायचं. एकदा गर्दीतून कोणीतरी ओरडलं, “आयला, ही तर चोरीच झाली की!”

“चोरी न्हाई मामा,” तू म्हणालास. “पाण्याला बांध ठावं नसतो.”

भाजीवाल्या, गुरं बांधून आलेले शेतकरी, शाळा चुकवून आलेली माझीच पोरं, सगळे वाकून बघायचे. तू सांगत असताना लोकांना आपण हुशार आहोत असं वाटायचं. अशी कला मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही.

पाऊस सलग दोन वर्षं दगा देऊन गेला तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, गावचे सरपंच होते. गावठाणातल्या विहिरी तळाला गेल्या. टँकर दिवसाआड यायचा, तोही अर्धा. तळहातावर नारळ घेऊन फिरणारा एक पाणाड्या आणला, त्यानं दाखवलेल्या दोन्ही जागी धुरळाच निघाला. तेव्हा आबा मला म्हणाले, “त्या धुरपतीच्या पोराला बलव.”

तू त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या ओसरीवर बसलास. चहा आला. आम्हा सगळ्यांना कपबशा आणि तुला काचेचा गिलास. तू गिलासाकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मी नकाशाची घडी उलगडत राहिलो. तू चहा प्यालास आणि कामाचं बोलायला लागलास.

दोन दिवस तू शिवार पालथं घातलंस. तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या वरच्या अंगाला एका जागी थांबलास.

“पाणी हितं हाय. पण आमची विहीर लई जवळ हाय, माधव. एकाच फटीतलं असू शकतं.”

“दुसरी जागा?”

“दुसरीकडं भरवसा न्हाई. आन् गावाला पाणी आत्ता पाहिजे.”

तू आईला विचारायला गेलास. मी सोबत होतो, तुझ्या घरी पहिल्यांदाच. धुरपतामाय जात्याशी बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “लागू दे पाणी. लेकरं सगळ्यायचीच तान्हेली हायेत.”

पाणी लागलं. बोअर पाडणाऱ्या गाडीच्या यंत्रातून आधी पांढरी भुकटी, मग ओला गाळ आणि मग माणसाच्या दुप्पट उंचीचा फवारा. बायका त्या गढूळ पाण्याखाली लेकरं धरून उभ्या राहिल्या. आबांनी तुला फेटा बांधला. चार जणांनी तुला खांद्यावर घेतलं आणि वेशीतून, मारुतीच्या देवळावरून, आमच्या आळीतून वाजत नेलं. तुझा चेहरा मला आठवतो. तू हसत होतास आणि सारखा वस्तीकडे बघत होतास.

तीन आठवड्यांनी तू पुन्हा आलास. वीज गेली होती, मोटार बंद होती. तू बोअरच्या तोंडाशी पालथा पडून कान लावलास. मग मला म्हणालास, “ऐक.” आत खोलवर पाणी पडत होतं. उंचावरून एकसारखं, न्हाणीत बादली सांडावी तसं.

“खालून येणारं पाणी आवाज करत न्हाई,” तू म्हणालास. “हे वरच्या मुरमातलं हाय. आमच्या विहिरीचं. बोअरात पडायलंय.”

आपण खाली वस्तीवर गेलो. विहिरीचा तळ दिसत होता. गयाबाई, तुमच्या शेजारची, पायरीवर बसून वाटीनं घागरीत पाणी भरत होती. ती फक्त एवढंच म्हणाली, “तुमचा बोअर सुरू झाल्यापसून खाली खाली चाललंय, भाऊ.”

तू जागा दाखवली होतीस. तू त्या वेळी काय भोगलंस याचा अंदाज मी आत्ता, या वयात करतोय. तेव्हा मला वाटलं, मार्ग निघेल. तुझी मागणी तरी काय होती? मोटार दिवसातून काही तास बंद ठेवायची आणि बोअरचं पाणी साठवणाऱ्या गावच्या टाकीपासून वस्तीपर्यंत एक पाइप टाकायचा, वस्तीला आपला नळ द्यायचा. गाव म्हणालं, पाइप कशाला, आमचं भरून झालं की या टाकीवर, कोण नको म्हणतंय. वस्तीतल्या काही बायका गेल्या. तासन्‌तास बाजूला उभ्या राहिल्या. गावातल्या बाईनं आपली घागर उचलल्याशिवाय त्यांना पुढं होता येईना.

धुरपतामाय गेली नाही. ती तुला जे म्हणाली ते मी दारात उभा राहून ऐकलं. “मी ल्हान होते तवा वरून वतलेलं पाणी वंजळीनं पेलेव. छप्पन साली बाबासायबाचा धम्म घेतला. तवापसून न्हाई पेले. आता मरताना पेऊ का?” आणि ती घागर घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागली.

तू पुराव्याच्या मागे लागलास. तुझा स्वभावच तो. तुझं म्हणणं, नुसतं सांगून कोणी ऐकणार नाही, दाखवलं पाहिजे. आणि संधी आपोआप आली. बोअरची मोटार जळाली, लातूरला दुरुस्तीला गेली. पाच दिवस बोअर बंद. तू रजा टाकून वस्तीवर राहिलास. दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला. पहिल्या दिवशी दगड कोरडा वर आला, दुसऱ्या दिवशी ओला. पाचव्या दिवशी मी आलो तेव्हा दोरी माझ्या हातात दिलीस. मी सोडली, ओढली. वस्तीतल्या बायका गाठी मोजत होत्या. “तीन वल्या! चवथी बी वलीच हाय!” मोटार परत आली, सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी विहीर पुन्हा तळाला. तेव्हाही दोरी मीच सोडली. तू वहीत सगळं लिहिलंस आणि माझ्यापुढे धरलीस. “साक्षीदार म्हणून सही कर.” मी केली. नाव, पदवी, तारीख घालून.

सभा शाळेच्या व्हरांड्यात झाली. वस्तीची माणसं खाली मैदानात बसली, गावची वर. तू तीच काचेची पेटी आणली होतीस. बाजारात दाखवायचास तसंच दाखवलंस, फक्त या वेळी आखूड नळीवर कागद चिकटवला होता, ‘वस्तीची विहीर’. पाणी उतरलं. कोणी हसलं नाही. मग दोरीचं सांगितलंस, गाठींचं सांगितलंस. आबा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “आमचं पोरगं बी बीएस्सी हाय. माधव, तू शिकलेला माणूस. तू सांग. बोअरमुळंच आटली का?”

तू माझ्याकडे बघितलंस. अगदी निश्चिंतपणे बघितलंस, तेच सहन होत नाही.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, “विज्ञानात इतक्या घाईनं निष्कर्ष काढत नाहीत. दुष्काळात सगळ्याच विहिरी आटतात. आणखी निरीक्षणं पाहिजेत. एवढ्यावरून नक्की सांगता येणार नाही.”

शब्द न् शब्द पाठ आहे मला. यातलं एकही वाक्य पुस्तकाप्रमाणे चूक नाही. शंका घ्यावी, हे तूच मला शिकवलं होतंस. ती मी सत्य शोधायला वापरायची, तर वडिलांच्या मागे लपायला वापरली. आबा म्हणाले, “झालं तर मग,” आणि सभा सुटली.

तुझ्या पिशवीत वही होती. त्या वहीत माझी सही होती. तू ती उघडून सगळ्यांपुढे धरली असतीस तर मी तिथंच उघडा पडलो असतो. तू पेटीतलं पाणी ओतून दिलंस, नळ्या धडप्यात गुंडाळल्या आणि खाली मैदानात उतरलास. का नाही उघडलीस? मला वाचवायला? की मला पुन्हा विचारावं एवढीही किंमत तुझ्या लेखी मला राहिली नव्हती? हा प्रश्न तुला विचारायचं धाडस मला शेवटपर्यंत झालं नाही. तुझी मुलगी म्हणते, जुन्या वह्या नांदेडला माळ्यावर आहेत. मी त्या बघायला मागितल्या नाहीत.

सभेनंतर नवव्या दिवशी धुरपतामाय शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. खुबा मोडला. गावच्या जीपमधून लातूरला नेली, मी पुढच्या सीटवर होतो. ती सारा रस्ता कण्हली नाही, फक्त एकदा म्हणाली, “घागर वर काढली का?” परत आणल्यावर ती खाटेवरून उठलीच नाही. चार महिन्यांनी गेली. त्या आठवड्यात पाऊस सुरू झाला होता आणि विहिरीला पाणी आलं होतं.

मला वाटलं होतं तू माझं तोंड बघणार नाहीस. तू नांदेडला बदली मागून घेतलीस आणि पंधरा दिवसांनी तुझं पाकीट आलं. आत लेख होता, ‘खडक पाणी कसं धरून ठेवतो’. वर चिठ्ठी: “भाषा बघून दे.” मी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, एक-दोन बोजड शब्द काढले, परत पाठवला. तेव्हापासून तुझा प्रत्येक लेख माझ्या हातून गेला. विहिरी, ओढे, गाळ, दूषित पाणी, मुरणारं पाणी. ज्या विहिरीनं तुला हे सगळं लिहायला लावलं तिच्यावर तू एक ओळ लिहिली नाहीस आणि मीही कधी समासात ‘हे का नाही?’ असं लिहिलं नाही.

आपला वाद मात्र चालू राहिला, दुसऱ्याच वाटेनं. तू म्हणायचास, “लोक वाईट नसतात, माधव. त्यांना समजत न्हाई म्हणून तसं वागतात. आपण अजून नीट सांगाया पाहिजे.” मी म्हणायचो, समजूनही न करणारी माणसं असतात. तू चिडायचास. “तुम्ही मास्तर लोक लौकर हार मानता.” यंदा दिवाळीच्या आधी फोनवर हेच झालं. तुला दम लागत होता, तरी तू लोह्याकडच्या एका शाळेत भाषणाला जाऊन आला होतास. मी म्हणालो, आता पुरे कर. तू म्हणालास, “पोरांनी लई चांगले प्रश्न विचारले रे.” तेच आपलं शेवटचं बोलणं. पंधरा दिवसांनी वहिनींचा फोन आला.

कार्यक्रम गावी, वस्तीवरच्या विहारात ठेवला होता, तुझ्याच इच्छेनं. भन्तेजींनी सुत्तपठण केलं. बरेच जण बोलले. माझं नाव पुकारलं तेव्हा मी तुझ्या फोटोकडे न बघता सांगून टाकलं. सभा, दोरी, सही, सगळं. वस्तीची विहीर बोअरमुळंच आटली होती, मला माहीत होतं आणि मी खोटं बोललो. धुरपतामाय त्यामुळं गेली. बोललो आणि खाली बसलो. पुढचा वक्ता उठला, तुझ्या लेखांबद्दल बोलला, मग चहा आला. वहिनी माझ्याजवळ आल्या नाहीत.

गयाबाई आली. आता पार वाकली आहे. काठी टेकून समोर उभी राहिली.

“गुरुजी, आमाला काय सांगायलाव? आमाला ठावंच होतं की. गाठी आमीच मोजल्या न्हाईत का? तिकडल्या लोकायला सांगायचं होतं, ते.”

मी तसाच उठलो, ओढा ओलांडला आणि गावठाणात गेलो. आबा जाऊन वीस वर्षं झाली. त्या सभेतली बहुतेक माणसं गेली. धाकटा भाऊ दत्ता आहे, तो तेव्हा सभेत आबांच्या शेजारी बसला होता. तो अंगणात ठिबकच्या नळ्या धुवत होता. मी उभ्या उभ्याच म्हणालो, “दत्ता, वस्तीची विहीर आपल्या बोअरनं आटली होती. मी सभेत खोटं बोललो.”

त्यानं नळी झटकली. “मग?”

“मग काय? तुला आश्चर्य वाटत नाही?”

“कशाचं? सुधाकरनं त्या पेटीत दावलं तवाच समद्यायला कळलं. आबा घरी येऊन म्हणलेच की, पोरगं हुशार हाय, सांगायलंय ते खरं हाय. पण एकदा पाइप टाकला आसता तर उद्या पाण्यावर त्यायचाबी हक्क झाला आसता. म्हणून तुला उभं केलं.” आणि त्यानं दुसरी नळी उचलली. “आता कशाला काढायलास ते?”

मला आबांनी का विचारलं, हे मला आजवर कळलं नव्हतं. त्यांना उत्तर नको होतं, सुधाकर. उत्तर त्यांच्याकडे होतं. वस्तीकडे होतं, माझ्याकडे होतं, व्हरांड्यात मांडी घालून बसलेल्या प्रत्येकाकडे होतं. आणि तू त्यानंतर जन्मभर गावोगाव फिरलास, दम लागेपर्यंत फिरलास, कारण त्या दिवशी आपण सांगण्यात कुठं कमी पडलो, हे तुला शोधायचं होतं.

तू कमी पडला नव्हतास. तू फार चांगलं समजावून सांगितलं होतंस. सगळ्यांना समजलं होतं.